डझनाला तेरा

बारा म्हणजे बारा, असे मानून साऱ्या जगाचा व्यवहार चालतो. मीही मालवणच्या एका हायस्कुलात आयुष्यभर गणित शिकवले आणि या समजुतीला कधी धक्का लागू दिला नाही. परंतु बारा म्हणजे तेरा हे पटवून देण्यासाठी ज्याने आपली उभी हयात, आपली आंब्याची बाग आणि आपल्या बायकोची सहनशक्ती पणाला लावली, असा माणूस माझ्या पाहण्यात एकच आला. आणि योगायोग असा, की तो माझ्याच थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, वाट्याला गेला. ते आमचे भावोजी.

विजयदुर्गच्या अलीकडे, जिथे रस्ता खाडीच्या बाजूला वळतो, तिथल्या एका गावात भावोजींचे घर आहे. घरामागे चढणीवर हापूसची बाग, घरापुढे शेणाने सारवलेले खळे, आणि पडवीत एक आरामखुर्ची. गावच्या शाळेत त्यांनी इंग्रजी शिकवले. इंग्रजीच्या शिक्षकाचा एखाद्या कवितेवर किंवा नाटकावर जीव असावा, हे समजण्यासारखे आहे. भावोजींचा जीव एका संख्यावाचक शब्दावर होता. तो शब्द म्हणजे 'डझन'. ते म्हणत, "मास्तर, बाकीचे इंग्रजी शब्द आपल्याकडे बूट घालून आले आणि ओटीवरच थांबले. हा एकटा अनवाणी आला, सरळ माजघरात गेला आणि आंब्याच्या पेटीत जाऊन बसला. आमच्याकडच्या ज्या म्हातारीला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, तीसुद्धा पाच डझनी पेटी कोणती आणि सहा डझनी कोणती हे लांबून ओळखते. सांगा, असा दुसरा शब्द आहे?" मला दुसरा शब्द सुचत नसे आणि सुचला असता तरी ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नसत.

शाळेत नव्या वर्गाचा पहिला तास ते याच शब्दावर घेत. हा शब्द लॅटिनमधल्या 'दोन आणि दहा' यांतून आला, म्हणजे आपला 'द्वादश' आणि त्यांचा 'डझन' हे लांबचे चुलतभाऊ, येथून आरंभ होई. नंतर ते फळ्यावर दोन वाक्ये लिहीत. एकाचा अर्थ 'मी दोन डझन आंबे आणले', दुसऱ्याचा 'मी डझनांनी आंबे आणले'. पहिला माणूस मोजणारा आहे, दुसरा नुसताच बोलणारा आहे, असे ते समजावून सांगत आणि बाजारात कोणावर विश्वास ठेवाल, असा प्रश्न विचारत. पुढे वर्षभर हा शब्द वर्गात कधी कोठून उगवेल याचा नेम नसे. त्यांचे जुने विद्यार्थी आज पिकल्या केसांचे झाले आहेत. व्याकरण विसरले असतील, परंतु 'डझन' हा शब्द इंग्रजीत किती तऱ्हांनी वापरतात, ते अजून घडाघडा सांगतात.

भावोजींची एक शिस्त मात्र मला मनापासून मान्य होती. इंग्रजी वाक्प्रचार नुसता पाठ करून भागत नाही, तो आपल्या गावात एकदा तरी खरा व्हावा लागतो, असे ते मानीत. इंग्रजीत रोजच्या ठरावीक व्यायामाला 'डेली डझन' म्हणतात, असे त्यांना कळले, तेव्हापासून पहाटे खळ्यात बारा प्रकारचे व्यायाम सुरू झाले. हात वर, हात खाली, कंबरेतून वाकणे, एका पायावर उभे राहणे; प्रत्येक प्रकाराला मोठ्याने अंक. बारावा संपला की ते पायरीवर बसत आणि आक्का चहा आणून देई. चहा पिणे हा तेरावा व्यायाम. तोही ते मोजत.

गावात दोन शेजाऱ्यांमध्ये गडग्याच्या, म्हणजे हद्दीवरच्या दगडी कुंपणाच्या, चिऱ्यांवरून वाद पेटला. चिरा कोणी कोणाच्या हद्दीत सरकवला, हा प्रश्न. दोघेही भावोजींकडे न्याय मागायला आले. भावोजींनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या, गडग्यावरून एक फेरी मारली आणि निकाल दिला तो इंग्रजीत. इकडे सहा आणि तिकडे अर्धा डझन, म्हणजे दोष दोघांचा सारखाच, अशा अर्थाचा तो वाक्प्रचार आहे. दोघांनाही काही कळले नाही. परंतु सर एवढे इंग्रजीत बोलले ते आपल्याच बाजूने बोलले असणार, अशी दोघांचीही खात्री पटली आणि दोघेही समाधानाने घरी गेले. तो गडगा अजून तसाच वाकडा आहे, वाद मात्र पुन्हा उठला नाही.

मासळीच्या बाबतीत मात्र त्यांची डाळ शिजली नाही. दारावर येणाऱ्या मासेवालीकडे त्यांनी एकदा "डझनभर बांगडे द्या" अशी मागणी केली. ती टोपली खाली ठेवून म्हणाली, "सरानू, हंय डझन-बिझन काय नाय. वाटो घेवा, नायतर माका पुढे जावंदे." वाटा म्हणजे ढीग, त्यात किती बांगडे हे तिचा हात ठरवी. भावोजींनी निमूटपणे एक वाटा घेतला. तिने टोपली डोक्यावर घेता घेता आणखी एक बांगडा त्यावर टाकला आणि म्हणाली, "ह्यो घेवा वर एक." भावोजी धावत घरात गेले आणि आक्काला म्हणाले, "या तालुक्यात इंग्रजी समजणारी दोनच माणसं. एक मी आणि दुसरी ही."

त्या 'वर एक'मध्येच भावोजींचे सगळे तत्त्वज्ञान होते. इंग्रजीत तेराला 'बेकरचा डझन' म्हणतात. फार पूर्वी पाव कमी भरला तर बेकरला शिक्षा होई. त्या भीतीने तो बारावर एक पाव अधिक देई, असे सांगतात. भावोजींना यातली भीती मान्य नव्हती. ते म्हणत, "पहिल्या दिवशी तो घाबरून दिला असेल. पुढे शिक्षा गेली, कायदा गेला, तरी तो तेरावा राहिला. का राहिला? देण्याची गोडी लागली म्हणून." त्यांच्या बागेतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक डझनात तेरा आंबे असत. मी त्यांना एकदा गणिताच्या बाजूने समजावले, की बारा ही संख्या मोठी गुणी आहे; तिला दोनाने, तिनाने, चाराने, सहाने भाग जातो; घरात माणसे कितीही असोत, वाटणी बहुधा बरोबर होते. तेराला कोणाचाच भाग जात नाही. भावोजींनी बोटांवर मोजून पाहिले. मग म्हणाले, "म्हणूनच तर. बारा वाटून घ्यावेत. तेरावा वाटता येत नाही, तो देऊनच टाकावा लागतो." माझ्या गणिताला मिळालेले इतके चांगले उत्तर मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेले नाही.

त्यांची माझी पहिली भेटही या तेराव्यावरूनच झाली. मी घरी नसताना आक्काला पाहून मंडळी परत गेली आणि आठ दिवसांनी त्यांच्याकडून एक पाच डझनी पेटी आली. होकार की नकार, काहीच निरोप नव्हता. मी नुकताच शाळेत लागलो होतो आणि नव्या मास्तराच्या उत्साहाने घरातली प्रत्येक वस्तू मोजत असे. पेटीतले आंबे मोजले. साठ असायला हवे होते, पासष्ट निघाले. लग्न ठरलेले नाही, अशा घरची जास्तीची वस्तू ठेवणे मला योग्य वाटेना. पाच आंबे पिशवीत घालून, दोन गाड्या बदलून मी त्यांच्या खळ्यात जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "पेटीत पाच जास्त आले. परत करायला आलो आहे."

त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले. "गणित शिकवता?"

"हो."

"वाटलंच. पेटी किती डझनी?"

"पाच."

"डझनाला किती?"

"बारा."

"इथेच चुकलात. बसा." आणि अर्धा तास त्यांनी मला इंग्लंडातल्या बेकरांची हकीकत सांगितली. मी उठायला लागलो तेव्हा म्हणाले, "मास्तर, घरी सांगा, मुलगी पसंत आहे. पाच आंबे परत करायला जो दोन गाड्या बदलतो, त्याच्या घरात आकडा खोटा सांगत नाहीत." ते पाचही आंबे माझ्या पिशवीतून पुन्हा मालवणला आले. तेव्हापासून दर हंगामात माझ्याकडे त्यांची पेटी येई, मी आंबे मोजी आणि आकडा कळवी. आधी पत्राने, मग शेजारच्या फोनवर, मग खिशातल्या फोनवर. तेरा, सव्वीस, पासष्ट, जे असेल ते. पेटीतले आंबे मोजून कोणी काही सांगितले तर भावोजी म्हणत, "मास्तरांनी मोजले का? मग विषय संपला."

आक्काचा या सगळ्याला कडाडून विरोध होता. ती बोलायला लागली की थांबत नसे. इंग्रजीत अशा बोलण्याला 'डझनाला एकोणीस' म्हणतात, हे भावोजींनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शोधून ठेवले होते. तिचे म्हणणे साधे होते. पेटीत जागा साठांची, हे कोंबतात पासष्ट, "झाकाण बसणा नाय, खिळे ठोकतंय माजे मीच, आणि वर बसान इंग्रजी सांगतत!" शिवाय 'तेरावा' हा शब्द हंगामाच्या दिवसांत घरात उच्चारलेला तिला खपत नसे. "तेरावो, तेरावो म्हणा नकात, काय शुभ बोला," असे ती बजावी आणि स्वतः त्या आंब्याला 'वरचो' म्हणे. विहिरीच्या रहाटाचा दोर बदला, असे ती भावोजींना सांगत होती. एक दिवस चिडून म्हणाली, "डझन वेळा सांगलंय तुमका!" भावोजींनी खिशातून कागद काढला. त्यावर रेघा मारलेल्या होत्या. "नऊ वेळा," ते म्हणाले, "अजून तीन बाकी आहेत." आक्काने एका श्वासात चार वेळा सांगितले. भावोजी उठले, दोर बदलला आणि परत येऊन म्हणाले, "शेवटची खेप वरची धरली." त्या दिवशी आक्का रागावली होती की हसत होती, हे ओळखणे अवघड होते, तिने पदर तोंडावर घेतला होता.

काळ बदलला. लाकडी पेट्या गेल्या, पुठ्ठ्याची खोकी आली. भावोजींची एकुलती एक मुलगी, माझी भाची, लग्न होऊन पुण्याला असते. तिने बागेचे काम अंगावर घेतले. फोनवरून मागण्या घेऊ लागली आणि वडिलांना नव्या तऱ्हेची खोकी पाठवली. एका खोक्यात एक डझन, आणि आत पुठ्ठ्याचे बारा कप्पे. एका कप्प्यात एक आंबा, भोवती थोडे गवत. भावोजींनी पहिले खोके उघडले आणि ते बराच वेळ त्यात पाहत राहिले. तेरावा कप्पा नव्हता. मी तेव्हा तिथेच होतो. ते हळूच म्हणाले, "मास्तर, यांनी डझनाला कुंपण घातलं."

भाचीने बजावले होते, की बाराच घाला. त्यांनी मान डोलावली होती. परंतु एवढ्या वर्षांचा हात ऐकतो थोडाच? त्यांनी प्रत्येक खोक्यात कप्प्यांच्या वर, झाकणाखाली, मधोमध एक तेरावा आंबा दाबून बसवला आणि पट्टी चिकटवली. खोकी पुण्याला पोहोचली तेव्हा तेरावा चेपला होता आणि त्याच्याखालचा एक त्याच्याबरोबर गेला होता. म्हणजे हिशेब असा झाला: घातले तेरा, खराब झाले दोन, गिऱ्हाइकाच्या हाती आले अकरा. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात बाराचे तेरा केले, त्याच्याच हातून बाराचे अकरा झाले. भाचीच्या फोनवर चेपलेल्या आंब्यांची छायाचित्रे येऊ लागली आणि चार दिवसांनी ती स्वतः येऊन खळ्यात उभी राहिली.

"बाबा, मी काय सांगितलं होतं?"

"बारा घाल म्हणाली होतीस. घातले."

"आणि वर?"

आक्का आतून म्हणाली, "वरचो बाकीच्यांका घेवन गेलो, आणखी काय!"

"हे असं चालणार असेल, तर बाग कराराने देऊ," भाची म्हणाली. आमच्याकडे ही पद्धत सर्रास आहे. बागायतदार आपली बाग हंगामापुरती दुसऱ्याच्या हवाली करतो. फवारणी त्याची, राखण त्याची, काढणीची माणसेही त्याची. मालकाने पडवीत बसून आपल्या झाडावरचे आंबे दुसऱ्याच्या टेम्पोत चढताना पाहायचे. यात काही गैर नाही, अनेकांचे चांगले चालले आहे. परंतु भावोजींचा चेहरा मी पाहिला. ते मुलीशी नेहमी शाळेतल्या मराठीत बोलत. त्या दिवशी आपली भाषा बाहेर आली. "आंब्याक हात नाय लावचो, तर मियां हंय बसान करू काय गो?" एवढेच म्हणाले.

आक्काने हे ऐकले. ती आत गेली आणि पत्र्याचा एक डबा घेऊन बाहेर आली. जास्त पिकलेले, डाग पडलेले आंबे ती कधी फुकट घालवत नसे. रस काढून, ताटांना तूप लावून, त्यावर पसरून उन्हात वाळवी. तिच्या आंबापोळ्या गावात प्रसिद्ध होत्या. तिने पोळीचा एक चौकोन कापला, भरलेल्या खोक्यातल्या आंब्यांवर अलगद ठेवला आणि झाकण लावले. झाकण न कुरकुरता बसले.

"ह्यो बघ गो, तुज्या बापाशीचो वरचो," ती मुलीला म्हणाली. "हेका जागा लागणा नाय आणि ह्यो कोणाक चेपणा नाय."

भावोजी उठले. खोके उघडून त्यांनी मोजले, पुन्हा झाकण लावले, पुन्हा उघडले. जन्मभर झाकणावरून कुरकुर करणाऱ्या बाईने त्यांचा तेरावा सपाट करून वाचवला होता. ते काही बोलणार, तोच आक्का म्हणाली, "इंग्रजी सांगा नकात. गवत आणा."

त्यानंतर पाच-सहा हंगाम असे गेले. पुण्याची गिऱ्हाइके आंब्यांपेक्षा त्या चौकोनाची विचारपूस अधिक करू लागली. माझ्या खोक्यातही बारा आंबे आणि एक पोळी येई. मी मोजून 'तेरा' असे कळवी आणि विषय संपे.

अलीकडे मात्र भावोजी विसरू लागले. वाक्प्रचार एकही विसरले नाहीत, परंतु एकाच पत्त्यावर दोनदा खोके जाऊ लागले. गॅसवर चहा ठेवून ते विहिरीवर जाऊन बसू लागले. प्रत्येक खोके बंद होण्यापूर्वी आक्का एकदा आत हात फिरवी, म्हणून बाहेर कोणाला काही कळले नाही. या वर्षी ऐन हंगामात तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली आणि भाची तिला पुण्याला घेऊन गेली. जाताना भाचीने वडिलांना स्पष्ट सांगितले, "आई नाही. खोकी एकट्याने भरतो म्हणता, भरा. काही विसरलं नाही, तर बाग तुमच्याकडे. विसरलात, तर पुढच्या वर्षीपासून कराराने. मला तिकडे तुमची काळजी लागून राहते, बाबा." त्यावर भावोजी म्हणाले होते, "मामाला विचार. तो सांगेल तो आकडा मान्य." आक्काने निघण्यापूर्वी गेल्या वर्षीच्या पोळ्या यादीप्रमाणे, पत्त्यागणिक एक, मोजून डब्यात ठेवल्या.

माझे खोके गेल्या आठवड्यात आले. नेहमीप्रमाणे टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी ते उघडले. बारा आंबे होते, एकाच आकाराचे, देठासकट, कप्प्यांत नीट बसवलेले. पोळी नव्हती. मी कप्पे बाहेर काढले, गवत झाडले, खोके उलटे केले. नव्हती. तेवढ्यात फोन वाजला.

"मास्तर, खोकं मिळालं?"

"मिळालं."

नेहमी ते लगेच "किती?" असे विचारत. या वेळी विचारले नाही. पलीकडे पत्र्याच्या डब्याचे झाकण वाजले. मग म्हणाले, "मास्तरानू, डब्यात एक पोळी उरलीहा. हिनं मोजून ठेवल्या होत्या. खोकी सगळी गेली आणि एक उरली. कोणाच्या तरी खोक्यात घालूक विसारलंय, माका आठवणा नाय. सकाळपासून एकेकाला फोन लावतोय. सगळ्यांकडे आहे म्हणतात. आता तुम्हीच राहिलात."

समोर टेबलावर बारा आंबे होते. दोन गाड्या बदलून पाच आंबे परत न्यायला निघालेला तो नवा मास्तर मला आठवला.

"माझ्याकडे आहे," मी म्हणालो. "बारा आणि एक. तेरा."

"नक्की?"

"मोजले आहेत."

"मग ही उरलेली?"

"आक्काने एक जास्त घातली असेल. इतकी वर्षं तुमच्याबरोबर काढली तिने. तिचाही डझन आता तेराचा झाला असणार."

पलीकडे भावोजी हसले. पूर्वीसारखे, शाळेच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाईल असे. "एवढी वर्षं मला नावं ठेवली हो! येऊ दे पुण्याहून, विचारतोच तिला."

संध्याकाळी भाचीचा फोन आला. "मामा, बाबा म्हणतात तुझ्याकडे तेरा आले. खरं?"

"हो."

"पण आई म्हणते, तिने एकही जास्त ठेवली नव्हती." तिच्या मागून आक्काचा आवाज आला, "फोन हाड हंय, माका दी," आणि फोन तिच्या हातात गेला.

"बाबू, तुज्या खोक्यात गावली मां पोळी?"

"गावली."

आक्का थांबली. डझनाला एकोणीस बोलणारी माझी बहीण इतकी थांबलेली मी कधी ऐकली नव्हती. मोजण्यात ती कधी चुकली नव्हती, आणि माझा आवाज ती मी बोबडे बोलत होतो तेव्हापासून ओळखते. अखेर म्हणाली, "मगे माजाच चुकला असतला. डोळ्यांनी दिसणा नव्हता मां." आणि फोन बाजूला करून मुलीला, "मामा सांगता ना? झाला तर."

"बरं," भाची म्हणाली. "पुढच्या वर्षीही भरू देत मग."

विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत असे, की उत्तर आले तरी ताळा करून पाहावा. फोन ठेवल्यावर मी आंबे पुन्हा कप्प्यांत बसवले आणि एकेकावर बोट ठेवून मोजले. बारा होते. गिऱ्हाइकांपैकी कोणाचेच काही कमी आलेले नव्हते. जगाच्या हिशेबाने माझाही डझन पुरा होता. तरीही बाजूला काढलेल्या गवतात मी एकदा हात घातला आणि अगदी तळापर्यंत चाचपून पाहिले.